बाराचे पाच निऑन

मे महिन्यात माझ्या गोकुळपेठेतल्या दुकानात शोभिवंत मासे विकत घेणाऱ्यांपेक्षा ‘मासे मरताहेत, औषध द्या’ म्हणत येणारेच अधिक असतात. बहुतेकांच्या बाबतीत दोष उन्हाचा असतो, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. त्यामुळे त्या दुपारी धरमपेठेतल्या काकू आल्या तेव्हा उत्तर माझ्या तोंडावर तयारच होते. एंजल आणि निऑन या माशांबद्दलची त्यांची तक्रार मात्र वेगळी निघाली.

“भाऊ, एंजलचे पंख झडून राहिले, बुरशीचं औषध द्या न. अन् निऑन बाराचे पाचच उरले. मेलेला एकही दिसला नाही. मांजर तं आमच्या घरात येतच नाही!”

प्रेत न सापडता सात मासे नाहीसे होतात, हे मला खटकले. औषध न देता, दुकान बंद करून मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.

काचपेटी तीन फुटी, साधारण दीडशे लिटरची. कूलरच्या खोलीत असूनही पाणी तीस अंशांवर होते. पण हवेचा पंप चालू होता, आणि माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषे, अमोनिया व नायट्राइट, दोन्ही शून्य आली. काकू पाणी नेमाने बदलत होत्या, हे काचेवरूनच कळत होते. एंजलच्या पंखांवर बुरशीचा कापसासारखा पांढरा थर कुठेच नव्हता. पंखांच्या कडांना अर्धचंद्राकृती खाचा होत्या, स्वच्छ, चिमट्याने तोडाव्यात तशा. पोटाखालचे दोन लांब दोऱ्यांसारखे पर तर निम्मेच उरले होते. तेवढ्यात एक टायगर बार्ब मागून आला, टोचा मारून पळाला. पेटीत बार्ब तीनच होते. हा मासा टोळीने राहणारा. आठ-दहा असले तर आपसांतच झटापट करत बसतो, पण दोन-तीनच ठेवले तर शेजारच्या संथ, लांब पंखांच्या माशाच्या मागे लागतो. ते तिन्ही आठ महिन्यांपूर्वी मीच विकले होते.

निऑनचा उलगडा मात्र होईना. शेवटी मी पेटीचा दिवा बंद करायला सांगितले. अंधारात निऑनची निळी रेघ फिकी पडते आणि ते जवळजवळ निश्चल तरंगतात. अर्ध्या तासाने दिवा लावला, तर मोठ्या एंजलच्या ओठांतून एक तांबडी शेपटी बाहेर डोकावत होती. त्याने ती दोनदा आत ओढली आणि गिळली. काकू पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. सातचे कोडे सुटले होते. आता चारच उरले होते.

हे एंजलसुद्धा माझ्याकडूनच गेले होते, तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे होते. मी त्या दिवशी तापमान पाहिले होते, सामू, म्हणजे पाण्याची आम्लता, पाहिला होता. चोवीस ते सव्वीस अंशांत तिन्ही जाती सुखाने राहतात म्हणून निश्चिंत झालो होतो. एंजलची लांबी पुढे पंधरा सेंटिमीटरपर्यंत जाते आणि निऑन मोठा होऊनही तीन-साडेतीन सेंटिमीटरच राहतो, हे मला माहीत नव्हते असे नाही. समोर दिसणाऱ्या पिल्लाच्या तोंडाकडे पाहून मी जोड्या लावल्या, इतकेच.

आता एंजल किंवा निऑन, दोघांपैकी एकालाच ठेवता येणार होते. काकूंच्या नातवाने एंजलला नावे दिलेली असल्यामुळे निर्णय झटकन झाला. चार निऑन आणि तीन बार्ब मी वेगवेगळ्या पिशव्यांत घालून दुकानात आणले, पैसे परत केले, आणि काकूंना औषध घेऊ दिले नाही. पाणी स्वच्छ असले की तुटलेले पर काही आठवड्यांत पुन्हा वाढतात. माझ्या नऊ बार्बांच्या टोळीत ते तिघे सोडले, तर पंधरा मिनिटांत कोण कुणाच्या मागे धावते आहे ते ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक पेटीवर, किमतीच्या शेजारी, पूर्ण वाढीची लांबी लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. त्या आठवड्यात एंजलची एकच जोडी विकली गेली.