तुम्ही विचारलंत म्हणून: मत कुणाला, आणि इंदूर कशासाठी

नगरला गेलो की रविवारच्या उपासनेनंतर देवळाच्या (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो) पायऱ्यांवर दोन प्रश्न मला गाठतात. 'तू एवढा परंपरावादी, मग मत नक्की कुणाला देतोस?' आणि 'पुणं एवढं जवळ असताना इंदूरला कशाला जाऊन बसलास?' तरुण संघातले मित्र विचारतात, मामा विचारतात, एकदा पाळकसाहेबांनीही विचारलं. इकडे इंदूरजवळ पिथमपूरच्या कारखान्यात माझा धर्म सगळ्यांना ठाऊक आहे, कारण नाताळची रजा मी दरवर्षी ऑक्टोबरातच मागून ठेवतो. तिथे जेवणाच्या सुट्टीत तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो: 'तुम्ही लोक तर ठरलेलेच मतदार, तुम्हाला काय विचारायचं!' इतकी वर्षं मी वेळ मारून नेली. आता उत्तर देतो. जमेल तेवढं.

इंदूरचं आधी घेतो. ते सोपं आहे असं मला वाटायचं.

नगरच्या एमआयडीसीत मी पाच वर्षं कंत्राटावर होतो. अकरा महिने झाले की ब्रेक, नवा कागद, पुन्हा अकरा महिने. काम क्वालिटीचं. गेज लावायचे, व्हर्नियरने मापं घ्यायची, नापास मालावर लाल खूण करायची. चाकण, रांजणगाव, सुपा, तिन्हीकडे मुलाखती दिल्या. काम तिन्हीकडे होतं, कायम नोकरी कुठेच नव्हती. २०२२ च्या सुरुवातीला एका कंपनीने पिथमपूरला कायम जागा देऊ केली. वडील मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, बहिणीचं लग्न व्हायचं होतं, घरावर पतसंस्थेचं कर्ज होतं. मी हो म्हणालो.

पण तुम्ही विचारता ते पगाराचं नसतं, हे मला कळतं. त्याआधी दोनच वर्षं तरुण संघाच्या मेळाव्यात मी तासभर बोललो होतो. जिथे बाप्तिस्मा झाला तिथेच माणसाने मुळं धरावीत, आईवडिलांच्या म्हातारपणी त्यांच्या हाकेच्या अंतरावर असावं, परगावी गेलेल्यांची मुलं आपली गाणी विसरतात, असं सगळं. टाळ्याही पडल्या होत्या. मी निघालो त्या रात्री एसटी स्टँडवर एका मित्राने विचारलं, 'मुळांचं काय झालं रे?' तो चेष्टेने म्हणाला नव्हता. म्हणूनच ते लागलं.

त्याला द्यायचं उत्तर मी नंतर गाडीत तयार केलं, धुळ्याच्या पुढे कुठेतरी. आमचे खापरपणजोबा नेवासे तालुक्यातल्या एका गावकुसाबाहेरचे. त्यांनी महारकी सोडली, गाव सोडलं, बाप्तिस्मा घेतला आणि मिशनच्या आवारात येऊन राहिले. ते परंपरेला धरून बसले असते तर माझ्या हातात व्हर्नियर आलाच नसता. मग मी जपतो ती परंपरा नेमकी कोणती? बापजाद्यांची वाट सोडू नये असं मी म्हणतो, आणि माझ्याच घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाने वाटच सोडली होती. या उत्तरावर मी बरेच दिवस खूष होतो. मग वडील एकदा फोनवर म्हणाले, 'ते एकटे नव्हते आले. भाऊ, भावजया, पोरं, सगळ्यांना घेऊन आले.' मी एक बॅग घेऊन आलो होतो.

आता मताचं.

परंपरावादी हा शब्द तुम्ही मला लावलात आणि मी तो नाकारत नाही. गर्भातलं मूल हे मूलच असतं असं मी मानतो. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ मध्ये काही गटांतल्या स्त्रियांसाठी त्याची मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं होतं. लग्न आयुष्यभरासाठी असतं, रविवार देवाचा असतो, ऐपत नसताना सण करू नये, हे मी घरात शिकलो आणि मला ते पटलेलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरकारपेक्षा शेजाऱ्यावर जास्त भरवसा ठेवावा, असं माझं मत. शाळा, दवाखाना, पतपेढी, भजनी मंडळ या गोष्टी माणसांनी एकमेकांसाठी उभ्या कराव्यात. नगरात वाढलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, आणि त्यानंतर शाळा, वसतिगृहं, दवाखाने कसे उभे राहिले ते आमच्या आज्या सांगत.

अशा माणसाचा पक्ष कोणता? कॉलेजात असताना मी स्वतंत्र पक्षाबद्दल वाचलं. राजाजींचा, मिनू मसानींचा, १९५९ साली निघालेला. धर्म मानणारा, कुटुंब मानणारा, सरकारचा हात आखडता ठेवा म्हणणारा. वाटलं, हा माझा पक्ष, फक्त माझ्या जन्माआधी संपला. पुढे कळलं की धर्मांतराला लगाम घालणारा स्वतंत्र भारतातला पहिला राज्य कायदा ओरिसाने १९६७ मध्ये केला, आणि तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वतंत्र पक्षाचेच होते. मध्य प्रदेशाने लगेच १९६८ मध्ये आपला कायदा केला. पण त्याचीही मुळं आधीची. मिशनऱ्यांच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली १९५४ मध्ये, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर असताना, आणि ती नेमणारं सरकार काँग्रेसचं. म्हणून कारखान्यात कुणी 'तुमचे ठरलेले' म्हणतं तेव्हा मला राग येतो. कुणी ठरवलंय? आणि जे घराबद्दल, संस्कारांबद्दल, मुलाबाळांबद्दल माझ्याच मनातलं बोलतात, ते भाजपचे लोक पुढच्याच वाक्यात माझ्या बाप्तिस्म्याला आमिष म्हणतात. मध्य प्रदेशात २०२१ पासून नवा कायदा आहे. धर्म बदलायचा तर ६० दिवस आधी कलेक्टरला कळवायचं, आणि जबरदस्ती किंवा आमिष ठरलं तर शिक्षा, काही प्रकरणांत १० वर्षांपर्यंत. जबरदस्ती मलाही नको आहे. पण कुणाला माझ्याबरोबर प्रार्थनेला बसावंसं वाटलं, तर ते कलेक्टरने का तपासावं?

आरक्षणाचंही तुम्ही विचारता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात फक्त हिंदूंसाठी ठेवली. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आले नाहीत. आमच्याच भावकीतले बौद्ध झालेले चुलते आणि आम्ही एकाच गावकुसाबाहेरून निघालो. आडनावही एक. मी पूर्वी ताठ मानेने सांगायचो की आपल्याला सवलत नको, आपल्याला मिशनने शिकवलं. पाच वर्षं कंत्राटावर काढल्यानंतर तेवढ्या ताठ मानेने सांगता येत नाही. सरकारकडे मागू नये म्हणणारा मी, आणि हा अन्याय सरकारनेच दूर करावा म्हणणाराही मीच. याचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

आणि आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही, ते.

इंदूरला मी रामबागेच्या बाजूला एका मराठी घरात वरच्या मजल्यावर राहतो. मालक-मालकीण दोघंही साठीच्या पुढचे, पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचे. पहिल्या दिवशी काकांनी आडनाव विचारलं. आम्ही आडनावं बदलली नाहीत. माझं आडनाव तुम्हाला मराठ्यांतही सापडेल. काकांनी स्वतःच काय ते ठरवलं आणि 'म्हणजे आपलेच' म्हणून मान हलवली. मी गप्प राहिलो. त्याआधी दोन ठिकाणी खरं सांगितलं होतं आणि दोन्हीकडून 'कळवतो' एवढंच आलं होतं. हॉस्टेलच्या कॉटवर एकविसावा दिवस होता. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं.

२०२३ च्या जूनमध्ये आई महिनाभर राहायला आली. तिने पिशवीतून पहिल्यांदा काय काढलं असेल तर 'उपासना संगीत', आमचं पदांचं पुस्तक. तपकिरी कागदाचं कव्हर, कोपरे चिकटपट्टीने जोडलेले. पहाटे साडेपाचला चहाचं आधण ठेवलं की ती ओट्याला टेकून एक पद म्हणते. माझ्या जन्माआधीपासून म्हणते. नारायण वामन टिळकांची पदं आमच्याकडे अभंगाच्या चालीवर म्हणतात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत.

आषाढीला तीन-चार दिवस राहिले होते. पाऊस थांबला म्हणून काकू गच्चीत कपडे घालायला वर आल्या आणि आमच्या दारात थबकल्या. बादली खाली ठेवली, चौकटीला टेकून उंबऱ्यावर बसल्या आणि मांडीवर हलका ताल धरला. आईने त्यांच्याकडे बघून हसून गाणं चालू ठेवलं. दोघींचं काहीतरी जुळलं होतं तेवढ्यात. मी मोरीपाशी दात घासत होतो.

शेवटचं कडवं राहिलं होतं. त्या कडव्यात ख्रिस्ताचं नाव येतं. आई श्वास घ्यायला थांबली आणि काकू म्हणाल्या, 'किती गोड गळा हो तुमचा! तुकारामांचा का? हा मी कधी ऐकला नव्हता.'

आईने तोंड उघडलं होतं. 'नाही, हा आमच्या...' एवढं ती म्हणाली.

'हो काकू,' मी मोरीतून म्हणालो. 'तुकाराम महाराजांचाच.'

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पुस्तक मिटलं आणि गॅस बारीक केला. काकू म्हणत होत्या, एकादशीला आमच्या भजनी मंडळाला हा हवाच, मला लिहून द्याल का? आई म्हणाली, 'देईन.' काकू बादली घेऊन गेल्या. आईने चहा गाळला, माझ्या कपात साखर जास्त घातली, नेहमीसारखी. काही बोलली नाही.

मला ती बोलली असती तर बरं झालं असतं. मी लहानपणी संडेस्कूलमध्ये पेत्राची गोष्ट तिच्याकडूनच शिकलोय. कोंबडा आरवायच्या आत येशूच्या या शिष्याने तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. मी एकदाच नाकारलं, पण माझ्यासमोर चाकर नव्हते, मशाली नव्हत्या, कुणी धरायलाही आलं नव्हतं. एक म्हातारी बाई होती आणि तिला गाणं आवडलं होतं.

तुम्ही म्हणाल, घाबरलास, समजू शकतो. ते कायदे, त्या बातम्या. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण त्या स्वयंपाकघरात कायदा नव्हता. तिथे कुठला पक्ष नव्हता. शेजाऱ्यावर भरवसा ठेवा असं मी तरुण संघात सांगायचो, आणि भरवसा ठेवायची वेळ आली तेव्हा मी ठरवून टाकलं की ही बाई आपल्याला घराबाहेर काढणार. मला कावीळ झाली होती तेव्हा बारा दिवस वर वरणभात आणून दिलेली बाई. मी ख्रिस्ताला नाकारलं हे तर आहेच, पण काकूंनाही मी न विचारताच दोषी ठरवलं. आणि उद्या त्यांनी खरंच काढलं असतं तर? तर मी बरोबर ठरलो असतो का? तसंही मला म्हणता येत नाही. काढलंही असतं. हॉस्टेलच्या कॉटवर तुम्ही झोपला नव्हता.

आई जाण्याच्या आदल्या रात्री वहीचा कागद फाडून तिने ते पद लिहिलं. पूर्ण, शेवटच्या कडव्यासकट, खाली टिळकांचं नावही. एकादशी तोवर होऊन गेली होती. कागद मिठाच्या बरणीखाली ठेवला आणि म्हणाली, 'मी लिहून देईन म्हटलं होतं. खाली तू नेऊन दे.'

तर मत. १३ मे २०२४ ला नगरचं आणि इंदूरचं मतदान एकाच दिवशी होतं. मी शनिवारी रात्री निघालो, रविवारी आपल्या देवळात बसलो, सोमवारी मत दिलं आणि रात्रीच्या गाडीने परत आलो. सरळ रेल्वे नाही. मनमाड-इंदूर मार्गाला त्या सप्टेंबरात मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, पण तो होईपर्यंत सेंधव्याचा घाट आहेच. इंदुरात त्या दिवशी काँग्रेसचा उमेदवारच उरला नव्हता आणि 'नोटा'ला दोन लाखांवर मतं पडली. मी इथला मतदार असतो तर काय केलं असतं, हा विचार करत मी नगरच्या शाळेत रांगेत उभा होतो. बटण कोणतं दाबलं ते सांगत नाही. भीतीने नव्हे. जे दाबलं ते मला पूर्ण पटलेलं नव्हतं, आणि तुम्ही त्यावरून मला एका बाजूला बसवाल.

परत येणार का, असं आई विचारत नाही, तुम्ही विचारता. बहिणीचं लग्न झालं. कर्जाचे चौदा हप्ते राहिलेत. माझ्या गावाला आता अहिल्यानगर म्हणतात आणि मी राहतो होळकरांच्या इंदुरात. अहिल्याबाई चौंडीत जन्मल्या आणि माळव्यात राहिल्या, यावरून मला धीर द्यायला बघू नका. त्यांनी इथे राज्य केलं.

भाडं दर महिन्याच्या ५ तारखेला द्यायचं असतं. काकू ऑनलाइन घेत नाहीत, त्यांना हातात लागतं. मी कपाटाच्या खणातून पाकीट काढतो. आईने लिहिलेला कागद त्याच खणात आहे, घडी तीच. काकू पैसे मोजत नाहीत. पाकीट देव्हाऱ्यापाशी ठेवतात आणि विचारतात, 'आई कशी आहे? पुन्हा कधी येणार? तो अभंग राहिला बघ.'

'सांगतो तिला,' असं मी म्हणतो. गेल्या महिन्यातही म्हणालो.