ढाक्याची हत्यारं: कोतवाल्यांच्या बाजूने

१६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यातल्या रमना रेसकोर्सवर पाकिस्तानी फौजेच्या शरणागतीच्या सह्या झाल्या. मसुद्यात लिहिलं होतं, की पाकिस्तानी फौजेने जिथे असेल तिथेच, जवळच्या भारतीय सैन्यापुढे हत्यारं ठेवावीत. पण ढाक्यात तेव्हा आपली माणसं फारच थोडी, म्हणून स्वतःच्या बचावापुरती हत्यारं त्यांच्याकडेच राहू दिली. छावणीच्या गोल्फ मैदानावर अधिकाऱ्यांनी ती ठेवली १९ तारखेला. पुढचं काम आम्हा कोतवाल्यांचं, म्हणजे कोत (फौजेची हत्यारांची कोठी) सांभाळणाऱ्यांचं.

रायफल खाली करताना आधी मॅगझिन काढायचं, मग कॉकिंग (हँडल मागे ओढणं). जी-३ ही पाकिस्तानी फौजेची रायफल घाईत उलट क्रमाने हाताळली, की मॅगझिनमधला नवा राउंड (काडतूस) चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या जागेत, चढतो आणि ‘खाली’ म्हणून ढिगात टाकलेली रायफल भरलेली निघते. मॅगझिन काढा, नळीवरचं डावीकडचं कॉकिंग हँडल मागे ओढून खाचेत अडकवा, चेंबर बघा आणि करंगळी घालून चाचपा. संध्याकाळच्या उजेडात डोळ्यांपेक्षा करंगळी बरी.

खरा घोळ रजिस्टरात व्हायचा. कारकून ‘चिनी, टाइप ५६’ लिहून मोकळा. पण चिन्यांनी हेच नाव तीन हत्यारांना दिलंय: दहा राउंडांची कार्बाइन, एके-४७ च्या घाटाची रायफल आणि ड्रमवाली एलएमजी (हलकी मशीनगन). शिवाय राउंडांच्या पेटीवर नुसतं ‘७.६२’ (गोळीची जाडी, मिलिमीटरमध्ये) लिहूनही भागत नाही. जी-३ च्या राउंडची केस (दारूची नळकांडी) ५१ मिलिमीटर लांब, चिनीची ३९. पेट्या एकत्र रचल्या, की पुढे प्रत्येक पेटी फोडून बघत बसा.

रझाकारांच्या (पाकिस्तानी फौजेच्या स्थानिक साथीदारांच्या) थ्री-नॉट-थ्री रायफलींचा ताप वेगळाच. सुरक्षेसाठी बोल्ट (चेंबर मागून बंद करणारे सरकते दांडे) काढून पोत्यात भरले, की दोन्ही ढीग निरुपद्रवी होतात खरे, पण प्रत्येक बोल्टच्या दांडीवर त्याच्या रायफलचाच नंबर असतो. भलताच बोल्ट बसवला तर हेडस्पेस (बोल्ट आणि राउंड यांच्यातलं नेमकं अंतर) बिघडतो, आणि फायर करताना केस फाटू शकते. म्हणून बोल्टला नंबराची चिठ्ठी सुतळीने बांधल्याशिवाय तो पोत्यात टाकू द्यायचा नाही. कंटाळवाणं काम, आणि बहुतेकांना तेच टाळायचं असतं.

ग्रेनेड मात्र कोतात नेलेच नाहीत. ३६ नंबरच्या ग्रेनेडची पिन शाबूत आहे का, टोकं फाकवलेली आहेत का, हे बघूनच तळाचा प्लग उघडायचा आणि इग्नायटर सेट (ग्रेनेड पेटवणारा भाग) बाहेर काढायचा. गंजलेली पिन असेल तर हात न लावता बाजूला खूण, आणि इंजिनिअर्सना निरोप. पेटीत बारा ग्रेनेड, डब्यात बारा सेट. आकडा जुळेना, तर ती पेटी पुन्हा पहिल्यापासून.