झाकण लावून बसलेली

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात ओहोटीच्या वेळी खडकांवर पाय ठेवायला जागा नसते, इतक्या पेरिविंकल गोगलगायी. मूळच्या युरोपातल्या, १८४०च्या सुमारास पिक्टू बंदराजवळ त्यांची पहिली नोंद झाली आणि मग सगळा किनारा त्यांचाच. लेक हॅलिफॅक्सला स्थायिक झाल्यापासून मला बाहेरून येऊन रुजलेल्यांबद्दल जरा जास्तच माया वाटते.

एक उचलून तळहातावर घेतली. ओलसर पाय आत सरकला, आणि मागोमाग कडक तपकिरी झाकण शंखाच्या तोंडावर गच्च बसलं. नख काही शिरेना. "बाबा, ठेव ना तिला खाली!" लेक ओरडली.

दिवसातून दोनदा समुद्र हिला सोडून जातो. हिवाळ्यात त्यात थंडीची भर. उणे आठ अंशांच्या आसपास ही चक्क गोठते, अंगातलं निम्म्याहून अधिक पाणी बर्फ होतं (पेशींच्या बाहेरचं तेवढंच) आणि भरती आली की पुन्हा चालू पडते. मधल्या काळात प्राणवायूची बोंबच.

अशा वेळी तगायचं तर कारभार मंदावायला हवा. हे पेशींना सांगतं कोण? ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातल्या केनेथ स्टोरी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. पेशीत चक्रीय जीएमपी नावाचा छोटा रेणू निरोप्याचं काम करतो. त्याचा निरोप मिळाला की 'प्रोटीन कायनेज जी' नावाचं एन्झाइम जागं होतं आणि साखर जाळण्याच्या वाटेवरच्या पायरुवेट कायनेज या दुसऱ्या एन्झाइमवर फॉस्फेट चिकटवलं जातं. हे दुसरं एन्झाइम मंदावतं. मोडतोड नाही, नवं काही बांधायचं नाही. प्राणवायू परतला की फॉस्फेट काढून टाकायचं. असं एकेक खातं मंदावत जीवनव्यापाराचा वेग एरवीच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली येतो. नवी प्रथिनं बनवणंही जवळजवळ थांबतं.

जवळजवळच. कारण फेरिटिन नावाचं प्रथिन मात्र याच तंगीत बनवलं जातं. मला सगळ्यात गंमत वाटते ती याची. फेरिटिन पेशीतलं सुटं लोह कुलूपबंद करून ठेवतं. प्राणवायू नसताना त्या लोहाचा फारसा उपद्रव नसतो. प्राणवायू एकदम परत येतो तेव्हा सुट्या लोहाशी गाठ पडून पेशी जाळणारे रेणू तयार होतात. गावाला निघताना गॅसचा कॉक बंद करतात तो आपण नसतानाच्या घरासाठी. हिची तयारी आहे ती परतण्याच्या क्षणाची. संकट टळतानाच खरा घात होतो, हे हिच्या पेशींना ठाऊक असल्यासारखं.

पाण्याबाहेर अशी दिवसचे दिवस तगते, म्हणूनच तिला पोत्यांत भरून जिवंतपणी दूरच्या बाजारात पाठवता येतं. फ्रान्समध्ये उकडून टाचणीने बाहेर काढतात आणि खातात. आम्ही पडलो कोकणातले, तेव्हा चवीची चौकशी केलीच. लसूण-लोण्याबरोबर बरी लागते म्हणे.