हुक सुटलेला असताना

गोव्याहून मांडव्यापर्यंत शिडाच्या नौकेने केलेल्या प्रवासाला पाच दिवस लागले. मालवणचे जेवण उत्तम होते आणि विजयदुर्गच्या खाडीत गाढ झोप लागली, एवढे सांगून मी बाकीचे दिवस बाजूला ठेवतो. मला लिहायचे आहे ते विजयदुर्ग ते जयगड या टप्प्याविषयी, कारण तेथे माझ्या हातून एक चूक घडली.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. पावसाळ्यापूर्वी नौका मांडव्याला पोहोचवायची होती, म्हणजे सारा प्रवास वायव्येच्या वाऱ्याला तोंड देत उत्तरेकडे. रात्री दोन वाजता मतलई वाऱ्यावर निघालो तेव्हा समुद्र शांत होता. मात्र दुपारी उजव्या हाताला रत्नागिरीचे दीपगृह दिसेपर्यंत खारा वारा वीस नॉटांच्या, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या पुढे गेला आणि नाळेवर फुटणाऱ्या लाटांचे पाणी थेट सुकाणूपर्यंत येऊ लागले.

निघतानाच कप्तानांनी प्रत्येकाकडून लाइफ जॅकेट तपासून घेतले होते. जॅकेट फुगवणारी आतली ३३ ग्रॅम वायूची नळकांडी घट्ट बसली आहे ना, हे हाताने फिरवून पाहायचे आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा आवळायचा, कारण तो नसेल तर फुगलेले जॅकेट पाण्यात वर सरकते आणि नाक-तोंड खाली जाते. मला तो पट्टा आणि मेमधल्या उकाड्यात अंगावरचे ते ओझे नकोसे झाले होते. आपले पाणी कोमट आहे, पोहता येते, मग एवढे कशाला, असेच मी मनात म्हणत होतो. पण सहा नॉटांनी चाललेली नौका मिनिटाला सुमारे १८५ मीटर पुढे जाते आणि शिडे आवरून ती मागे वळेपर्यंत दोन मीटरच्या लाटांमध्ये माणसाचे डोके दिसेनासे होते. जॅकेट माणसाला तरंगत ठेवते. त्याला नौकेवर ठेवण्याचे काम टेदरचे, म्हणजे छातीवरच्या कडीला अडकवलेल्या पट्ट्याचे असते.

शीड आखडण्यासाठी मला डोलकाठीपाशी बोलावले गेले. डेकवर नाळेपासून मागपर्यंत एक चपटी पट्टी ताणून बांधलेली असते. तिच्यात टेदरचा हुक अडकवून, वाऱ्याकडच्या बाजूने वाकून पुढे सरकायचे, म्हणजे तोल गेला तरी माणूस डेकवरच पडतो. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांपाशी माझा हुक अडला. टेदरला आखूड आणि लांब असे दोन हुक असतात ते नेमके अशाच ठिकाणासाठी: दुसरा पलीकडे अडकवल्याखेरीज पहिला सोडायचा नाही. मी घाईने पहिला सोडला, आणि दुसरा हातात असतानाच नौका एका लाटेवरून खाली आदळली. मी पाठीवर पडून उजव्या कठड्याकडे घसरू लागलो. तो कठडा त्या क्षणी पाण्याखाली होता. माझा पाय एका तारेला लागला आणि त्याच वेळी जॅकेटच्या मागच्या पट्ट्याला जबरदस्त हिसका बसला. नौकेवरचे वयस्कर मालवणी तांडेल स्वतः आखूड हुकाने बांधलेले होते, म्हणूनच त्यांना दोन्ही हातांनी मला धरता आले. त्यांनी एक शब्दही न बोलता माझा हुक पट्टीत अडकवला, ओढून पाहिला आणि मग शीड आखडायला घेतले.

जयगडच्या खाडीत नांगर टाकल्यावर ते माझ्याजवळ बसले. “झिला,” ते म्हणाले, “आमचो आजो शिडाच्या गलबतार तांडेल होतो. राती सुकाणूर बसलो की कंबरेक रशी बांधी. तेका कोण भित्रो म्हणी नाय.” मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि हुक लावणे, दुसरा लावणे, पहिला सोडणे हे बोटांना अंधारात जमेपर्यंत करून घेतले. २०१७ साली जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतला एक खलाशी दक्षिण महासागरात बांधलेला असूनही गेला, हे कप्तानांनी तेव्हाच सांगितले. त्याचा हुक डेकवरच्या खुंट्याखाली अडकून त्यावर आडवा ताण आला आणि तो वाकून सुटला. तेव्हापासून हुक लावल्यावर तो सरळ पडला आहे का, हेही मी हाताने चाचपून पाहतो.

त्या रात्री मला दोन दिवसांपूर्वीची एक प्रवासी होडी सारखी आठवत राहिली. तीत चार-पाच वर्षांच्या एका मुलीला मोठ्या माणसाचे जॅकेट दिले होते. त्याची बक्कल तुटलेली होती आणि खांद्यांवरून ते सारखे घसरत होते. पाण्यात पडताच ते तिच्या डोक्यावरून निघून गेले असते, हे मला दिसत होते. तिचे वडील माझ्या शेजारीच बसले होते आणि मी त्यांना काहीही बोललो नाही.