हरवलेले अकरा छेद बारा

सहावीच्या वर्गातली एक वही दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. गणित होतं २ १/४ × १ १/३. मुलीने उत्तर लिहिलं होतं २ १/१२. पूर्णांकाला पूर्णांकाने गुणलं, अपूर्णांकाला अपूर्णांकाने, आणि दोन्ही शेजारी मांडले. उत्तराखाली पट्टीने रेघसुद्धा मारलेली.

ही चूक आळसाची नाही. बेरजेत हेच तर चालतं! पूर्णांक वेगळे मिळवायचे, अपूर्णांक वेगळे, उत्तर बरोबर. बेरजेवरचा तोच विश्वास तिने गुणाकारात आणला होता. त्यावर लाल फुली मारून 'आधी अंशाधिक अपूर्णांक कर' (म्हणजे २ १/४ ऐवजी ९/४, अंश छेदापेक्षा मोठा) एवढंच लिहिणं मला आता अन्याय वाटतो. मी कित्येक वर्षं तेच केलं. मुलं नियम पाळायची, पण आधीचं उत्तर का चुकलं ते त्यांना कळायचं नाही, आणि महिन्याभराने तीच चूक परत वहीत यायची.

या वेळी तिला जवळ बोलावून विचारलं, "सव्वादोनला नुसत्या एकाने गुणलं तर?"

"सव्वादोनच, बाई."

"आणि आपण कितीने गुणतोय?"

"एकापेक्षा जास्तने..." म्हणत ती वहीकडे बघत राहिली. तिचं उत्तर सव्वादोनपेक्षाही कमी आलंय, हे तिचं तिलाच दिसलं.

मग आम्ही आयत काढला. लांबी २ १/४, रुंदी १ १/३. पूर्णांक जिथे संपतो तिथे एक उभी आणि एक आडवी रेघ मारली की चार तुकडे पडतात. मोठा तुकडा २ × १, म्हणजे २. त्याच्या वरची पट्टी २ × १/३, म्हणजे २/३. बाजूची पट्टी १/४ × १, म्हणजे १/४. आणि कोपऱ्यातला चिमुकला १/१२. तिने मोठा तुकडा घेतला होता, कोपराही घेतला होता. दोन्ही पट्ट्या राहून गेल्या होत्या. ८/१२ आणि ३/१२, मिळून ११/१२. ते मिळवले आणि उत्तर आलं बरोबर ३. पूर्ण तीन! तिने दोनदा मोजून पाहिलं.

अंशाधिक रूपाची गोष्ट सांगायची वेळ खरी आत्ता येते. सव्वादोन म्हणजे नऊ पाव. १ १/३ म्हणजे चार तृतीयांश. त्याच आयतात लांबीवर पावा-पावाच्या आणि रुंदीवर तृतीयांशाच्या खुणा करून रेघा ओढल्या, की नऊ गुणिले चार, छत्तीस छोटी घरं होतात. एक पूर्ण चौरस भरायला अशी बारा घरं लागतात. ३६/१२. अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने का गुणायचं, ते त्या घरांत उघड दिसतं. आता एकही पट्टी सुटू शकत नाही.

काटाकाटी त्यानंतर. ९/४ × ४/३ मध्ये चारला चार गेले, नऊला तीनने भागलं, ३ उरले. पण मिश्र रूपात असताना काटाकाटी करू नये, कारण तिथे २ आणि १/४ यांच्यामध्ये न लिहिलेली बेरीज असते.

आणखी एक अडचण दरवर्षी येते. गुणलं की संख्या वाढते, असं मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं, म्हणून १/२ × ३/४ = ३/८ हे उत्तर त्यांना संशयास्पद वाटतं. इथे आपला 'चा' फार उपयोगी पडतो. 'पाऊणचा अर्धा' असं मोठ्याने म्हटलं, की उत्तर पाऊणपेक्षा लहान येणार हे आकडेमोडीआधीच कळतं.

आज तिच्या वहीत १ १/२ × १ १/२ होतं. गणिताच्या आधी समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'दीडपेक्षा जास्त, तीनपेक्षा कमी.' खाली एक छोटा चौरस, त्यात चार घरं, १, १/२, १/२, १/४. उत्तर २ १/४.