आमची वाटचाल : तुटक्या कॉइलींचा डबा

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. मातीची भांडी भाजायच्या भट्ट्यांना विजेच्या कॉइली, म्हणजे तापणाऱ्या तारेचे वेढे, बसवून देतो. वर्कशॉप म्हणजे एक लेथ, दोन टेबलं आणि मागच्या बाजूला विटा कापायची जागा. टेबलाखाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. लोकांच्या भट्ट्यांतून काढलेले कॉइलचे तुकडे त्यात साठवलेत, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधून. नवा पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला हा डबा उपसायला बसवतो. चहा त्यानंतर.

धंदा वडिलांचा. गिझर, इस्त्री आणि बेकरीच्या ओव्हनच्या कॉइली. बेकरीचा ओव्हन अडीचशे डिग्रीच्या आसपास चालतो. तिथं नायक्रोम (निकेल-क्रोमियमची) तार जरा कमीजास्त ओढली तरी खपून जातं, त्यामुळं आमचा हात सैलच होता. एकदा गोव्याहून एक मॅडम आल्या. त्यांच्या भांड्यांच्या स्टुडिओत डिझेल बर्नरची भट्टी होती आणि धुरावरून शेजाऱ्यांशी रोज वाद. "आतून कॉइल बसवून ही विजेवर करून द्याल का?" म्हणाल्या. आम्ही हो म्हटलं. विटांना खाचा पाडल्या, नायक्रोमच्या कॉइली बसवल्या, पैसे घेतले. चौथ्या भाजणीला कॉइल उडाली.

चूक बाळबोध होती. त्यांना स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी कडक भांडी, १२४० डिग्रीला भाजायचं होतं आणि नायक्रोमची मजल चांगल्या प्रतीची तार घेतली तरी १२०० पर्यंतच. शिवाय भट्टीत जेवढं तापमान, त्यापेक्षा तार स्वतः जास्त तापलेली असते. मग कांथल ए-वन आणली. लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमची तार, स्वतः १४०० डिग्रीपर्यंत टिकते. तापली की अंगावर अ‍ॅल्युमिनाचा (अॅल्युमिनियम ऑक्साइडचा) पापुद्रा धरते आणि त्याच पापुद्र्यावर जगते. म्हणून आता नवी कॉइल बसली की पहिली भाजणी भांडी न ठेवता करायला लावतो, साधारण १०५० पर्यंत, हवा खेळती ठेवून. गिऱ्हाईक म्हणतं, फुकट वीज गेली. जाऊ दे.

तरीही तक्रारी येत राहिल्या. आधी दोष तारेच्या जाडीचा होता. समजा ९ किलोवॅटची तीन फेजची भट्टी आहे. एका फेजला ३ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला तारेचा विरोध साडेसतरा-अठरा ओहम. हे ओहम १.६ मिलिमीटरच्या २४-२५ मीटर तारेतही मिळतात आणि २ मिलिमीटरच्या ३८ मीटर तारेतही. ओहम मोजायच्या यंत्रावर आकडा सारखाच. पण बारीक तारेच्या दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ अडीच वॅटचा भार पडतो, जाड तारेवर सव्वा. बारीक घेतली तर फेजमागं अर्धा किलो तार वाचते, आणि तेवढ्यासाठी आम्ही ती वापरत होतो. असलं शहाणपण कोटेशनमध्ये छान दिसतं.

जाडी सुधारली, पण तीन भट्ट्या काही केल्या टिकेनात. तीन-चार महिने गेले की कॉइल तुटायचीच. दोष तारेचा म्हणून व्यापाऱ्याशी भांडून झालं, व्होल्टेजवर ढकलून झालं. शेवटी एकदा भट्टीत डोकं घालून बॅटरी मारली. तुटलेल्या जागी काळा, काचेसारखा थेंब विटेला चिकटलेला. पुढचा तुटका भाग पाहिला, तिथंही तेच. आणि असला प्रत्येक थेंब दोन विटांच्या सांध्यावर. विटेच्या मधोमध एकही नाही.

सांधा भरला होता मी, माझ्या हातानं. शिरोलीत फाउंड्र्या पावलोपावली. तिथं वाळूचे कोअर (साच्यातले गाभे) घट्ट करायला वॉटरग्लास वापरतात, म्हणजे सोडियम सिलिकेट. फायरक्लेत (ताप सोसणाऱ्या मातीत) तेच कालवून मी विटा जोडत होतो. दगडासारखं बसतं म्हणून मनात खूशही होतो. पण तापल्यावर त्यातला सोडा तारेचा पापुद्रा खातो. तिन्ही भट्ट्या उकलल्या, खाचा नव्यानं पाडल्या, वॉटरग्लास नसलेला हाय अ‍ॅल्युमिना मसाला वापरला. पैसे घेतले नाहीत. बायकोनं हिशेबाच्या वहीत त्या पानावर काही लिहिलं नाही, नुसती आडवी रेघ मारली.

डब्याची सुरुवात त्या थेंबांपासून झाली. त्यात ग्लेझ (भांड्यावरचा काचेचा लेप) सांडून वितळलेला वेढा आहे. टर्मिनलचा नट ढिला राहून काळं पडलेलं शेपूट आहे; तिथं तार दुहेरी पिळून जाड करावी लागते, म्हणजे भिंतीबाहेर येताना गार राहते. एका वायरमननं स्टारची जोडणी (कॉइल फेज आणि न्यूट्रलमध्ये) डेल्टा (कॉइल दोन फेजांमध्ये) करून टाकली, त्या भट्टीचा तुकडाही आहे. २३० ऐवजी ४१५ व्होल्ट, ताकद तिप्पट. "भट्टी लवकर तापते की," असं त्याचं म्हणणं होतं. तापली.

उलटंही होतं. गावाकडून फोन येतो, कॉइल म्हातारी झाली, भट्टी ११०० च्या वर चढेना. आधी संध्याकाळचं व्होल्टेज विचारतो. १९० असेल तर ताकद ६८ टक्केच उरते, नवी कॉइल घालून काही उपयोग नाही. रात्री उशिरा लावा म्हणतो. व्होल्टेज नीट असेल तर मग ओहम मोजायचे. बसवल्या दिवशीचे ओहम दरवाजाच्या आत पत्र्यावर लिहून ठेवतो, ते दहा टक्क्यांनी वाढले असतील तर कॉइल खरंच थकली. आणि वापरलेली कांथल गार असताना वाकवू नका, हे फोन ठेवण्याआधी दोनदा सांगतो. वाळल्या काडीसारखी कडकन् मोडते. सरळ करायची तर लाल करूनच.

मागच्या आठवड्यात बेळगावकडचे एक गृहस्थ लाकूड जाळायच्या भट्टीची वीट घेऊन आले. आतून चकचकीत, जणू चिनी मातीची. "बघा, किती मजबूत आहे, यातच कॉइल बसवा." ती चकाकी म्हणजे वर्षानुवर्षं बसलेली राख, वितळून काच झालेली. राखेतही सोडा-पोटॅश असतंच. खिळ्यानं खरवडून दाखवलं. म्हटलं, आतली पूर्ण रांग काढून २६ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताप सोसणाऱ्या, हलक्या विटा लावाव्या लागतील. खर्च ऐकून ते वीट तिथंच ठेवून गेले.

कोटेशनला अजून उत्तर नाही. वीट सध्या दाराला टेकण म्हणून लावली आहे.