रेघा आहेत, सूर नाहीत

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मूळ हस्तलिखित सहजासहजी हाती देत नाहीत. उत्तम छायाचित्रं ऑनलाइन असताना मूळ पोथी कशाला, हे पटवून द्यावं लागतं. माझं कारण एवढंच होतं: गाण्याची चाल लिहायला आखलेल्या, पण मोकळ्या राहिलेल्या रेघांवर आधी काही लिहून खरवडलं होतं का, हे छायाचित्रातून ठरवता येत नाही.

पोथीचा क्रमांक फ्रेंच २२५४३, अभ्यासकांच्या भाषेत 'आर'. दक्षिण फ्रान्सात १३०० च्या सुमारास चर्मपत्रावर लिहिलेली त्रुबादूरांची हजाराहून जास्त गाणी यात आहेत. त्रुबादूर म्हणजे दक्षिण फ्रान्सातल्या ऑक्सिटान भाषेत स्वतः रचून स्वतःच चाल बांधणारे कवी. त्यांची अडीच हजारांच्या आसपास गाणी आज उरली आहेत, पण चाली जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या. त्यातल्या १६० या एका पोथीत.

फोमच्या आधारावर पोथी उघडली. पहिलं कडवं रेघांखाली लिहायचं आणि बाकीची कडवी गद्यासारखी सलग, ही इथली पद्धत. बेर्नार्त दे वेन्तादोर्नचं चंडोलाचं गाणं आलं तेव्हा मी थांबलेच. उन्हाच्या किरणासमोर चंडोल आनंदानं पंख हलवतो आणि भान हरपून खाली कोसळतो. त्याची चाल इथे आहे, मिलानच्या पोथीतही आहे, आणि दोन्हींत फरक आहेत. चौकोनी खुणांवरून सूर कळतो, तो किती लांबवायचा ते कळत नाही. तरीही गुणगुणता येईल इतकं हाती लागतं.

पुढे मात्र पानामागून पान नुसत्या रेघा. खाली शब्द व्यवस्थित, वर काही नाही.

दिवा आडवा धरून मी एकेक ओळ न्याहाळली. खरवडलं की कातडं खरखरीत होतं, तंतू उभे राहतात. मी पाहिलेल्या ओळींवर तसं काहीच नव्हतं. छायाचित्रात खुणांसारखे भासणारे ठिपके पानामागची शाई होती. म्हणजे चाल कुणी पुसलेली नव्हती, ती लिहिलीच गेली नव्हती.

याच पोथीत नार्बोनच्या गिराउत रिकिएरच्या ४८ चाली आहेत. तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, लेखनिकाला काळानं जवळचा. उलट सर्वांत जुना ज्ञात त्रुबादूर, १०७१ मध्ये जन्मलेला आक्वितेनचा ड्यूक नववा गिल्येम, त्याच्या चालीचा एक तुकडा तेवढा उरलाय, तोही नंतरच्या एका धार्मिक नाटकात. दक्षिण फ्रान्सातल्या कॅथर पंथाविरुद्धच्या १२०९ ते १२२९ च्या धर्मयुद्धानं ही गाणी संपवली असं सरसकट सांगितलं जातं. युद्धानं आश्रयदाते उद्ध्वस्त केले, हे खरंच. पण त्या दिवसानंतर मला एवढं कारण पुरेसं वाटत नाही. चाल येईल या भरवशावर लेखनिकानं जागा राखली होती. चाल त्याच्यापर्यंत पोचली नाही.

माझ्या तक्त्यात 'चाल आहे' आणि 'चाल नाही' असे दोनच रकाने होते. त्याच दुपारी तिसरा घातला: 'जागा राखलेली'. रेघा आखणारा हात आणि शब्द लिहिणारा हात एकच होता का, हे आता पानागणिक तपासतेय.